सासऱ्याचं रिव्हॉल्व्हर आणि हिरवं सरबत

"अरे, एका दुपारचं काम! फार तर दीड! त्याच्यावर एक मिनिट जरी लागलं ना ओपल, तर नाव बदलून टाकीन!"

व्हर्जिल टटलने अंड्याच्या बलकात पावाचा तुकडा बुडवला आणि सेनापतीने तलवार उगारावी तसा तो हवेत उगारला. बलक टेबलावरच्या कापडावर ठिबकला. ओपलने नवऱ्याकडे पाहिलंच नाही, डागाकडे पाहिलं.

"नवीन नाव आजच ठरवून ठेव," ती म्हणाली. "आयत्या वेळी धावपळ नको."

काम होतं सासऱ्यांच्या रिव्हॉल्व्हरचं. सासरे म्हणजे अमोस प्रुइट, वय वर्षं सत्त्याऐंशी, सॉरेल स्प्रिंग्ज गावातले सगळ्यांत वयोवृद्ध गृहस्थ. त्यांच्यापेक्षा वडीलधारी मंडळी गावात होती, पण ती सगळी चर्चच्या मागच्या आवारात आडवी झालेली. त्या वर्षी, म्हणजे १९७६ साली, चार जुलैला देशाला दोनशे वर्षं पूर्ण होत होती. कॅन्ससमधल्या गावागावांत जणू घरचंच लग्न निघालं होतं! सॉरेल स्प्रिंग्जमध्ये तर कुत्र्यांच्या गळ्यातसुद्धा लाल-पांढऱ्या-निळ्या फिती. मिरवणुकीत सगळ्यांत पुढे उघड्या मोटारीत अमोस बसणार, आणि त्यांच्या हातात त्यांच्या वडिलांचं, म्हणजे गावच्या पहिल्या मार्शलचं, निकेलचा मुलामा दिलेलं रिव्हॉल्व्हर असणार, असं पंचायतीत एकमताने ठरलं होतं.

ऐन उमेदीत ते रिव्हॉल्व्हर आरशासारखं लखलखायचं म्हणे. लोक त्यात बघून भांग पाडायचे. आता मात्र मुलाम्याचे पापुद्रे सुटले होते, मधेमधे काळे डाग पडले होते. खरूज झालेलं कुत्रं त्याच्या शेजारी बसवलं असतं, तर सौंदर्यस्पर्धेत कुत्रं पहिलं आलं असतं! गेल्या चाळीस वर्षांत त्यात गोळी गेलेली नव्हती आणि घरात एकही गोळी नव्हती. तरी व्हर्जिलने हात लावण्याआधी सहाच्या सहा भोकं उजेडात धरून दोनदा तपासली. तेवढी अक्कल त्याला होती. बाकीची किती होती ते पुढे दिसेलच.

"ल्यूट बॅस्कमकडे का देत नाहीस?" ओपलने विचारलं. ल्यूट हा शेजारच्या गावातला बंदुका दुरुस्त करणारा.

"ल्यूट म्हणतो ऑक्टोबरात मिळेल. देशाला काय सांगू? तुझा वाढदिवस जरा ऑक्टोबरपर्यंत पुढे ढकल?"

"आणि पपांना विचारलंस?"

"विचारलं तर गंमत काय राहिली! पपा शनिवारी परत येतील, बघतील, आणि त्यांचा आ वासलेला राहील!"

अमोस तेव्हा विचिटाला धाकट्या मुलीकडे गेले होते. ते घरात असते, तर व्हर्जिलने रिव्हॉल्व्हरच्या दिशेने नुसतं बघायचीसुद्धा हिंमत केली नसती. त्याचं असं झालं होतं, की पंचवीस वर्षांपूर्वी, लग्न ताजं असताना, व्हर्जिलने ओसरीवर स्वतःच्या हाताने झोपाळा टांगला होता. त्यावर पहिल्यांदा बसले ते अमोस आणि पाद्रीसाहेब. दोघं एकदमच जमिनीवर आले. पाद्रीसाहेबांनी क्षमा केली, त्यांचा तो धंदाच. अमोसने केली नाही. तेव्हापासून घरातला दिवा बदलायचा असला तरी म्हातारबुवा स्वतः खुर्चीवर चढायचे आणि जावयाला म्हणायचे, "तू खुर्ची धर." पंचवीस वर्षं व्हर्जिल खुर्ची धरत आला होता! धान्याच्या कोठारावर तो ट्रकांचं वजन करायचा, चाळीस-चाळीस टनांचा हिशोब कधी पौंडभर चुकला नाही, पण घरात त्याची पात्रता खुर्ची धरण्यापुरतीच. त्याला आयुष्यात फार काही नको होतं. म्हाताऱ्याने एकदा, फक्त एकदा, चारचौघांत म्हणावं, 'हे आमच्या जावयाने केलं हं!'

टपालाने खोकं आलं. 'घरच्या घरी निकेल चढवा!' असं त्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं. आत बाटल्या, तारा, एक ब्रश आणि एक पुस्तिका. वरच्या चित्रातला माणूस टाय लावून, हसत हसत एक चमचा चमकवत होता. व्हर्जिलने ते चित्र ओपलच्या नाकासमोर नाचवलं.

"टाय बघ, टाय! टाय लावून बसता येतं असं काम कधी कठीण असतं का?"

सोमवारी त्याने रिव्हॉल्व्हर सुटं करायला घेतलं, तेही स्वयंपाकघराच्या टेबलावर, आणि पुस्तिका न उघडता. पहिले दोन स्क्रू असे अलगद निघाले की तो शीळ घालायला लागला. तिसरा निघाला आणि 'टण्ण!' करून आतली स्प्रिंग उडाली! कुठे गेली, देव जाणे! व्हर्जिल टेबलाखाली शिरला. ओपलने पिठाचा डबा उपसला. दोघांनी मिळून फ्रिज सरकवला, तेव्हा एकोणीसशे एकाहत्तर सालचा एक वाटाणा सापडला, स्प्रिंग नाही. दोन तासांनी ओपल दमून खुर्चीत बसली, मान मागे टाकली आणि म्हणाली, "व्हर्जिल, वर बघ."

छताला माश्या चिकटायची पट्टी टांगलेली होती. तिच्यावर अकरा माश्या आणि बारावी स्प्रिंग.

"बघ! हरवली नाही!" व्हर्जिल खूश होऊन ओरडला. मोडलेल्या गोष्टीतून आनंद काढायची त्याची ही हातोटी कुणाकुणाला गोड वाटायची. ओपलला वाटायची, पण वर्षातून तीन-चार दिवसच.

मंगळवारी त्याने परसातल्या शेडमध्ये ड्रिलच्या टोकाला कापडी चकती लावून जुनं निकेल घासायला घेतलं. संध्याकाळी तो आत आला तेव्हा कोळशाच्या खाणीतून आल्यासारखा दिसत होता, नुसते डोळे आणि दात पांढरे. रिव्हॉल्व्हरचीही तीच गत. कुठे निकेल शाबूत, कुठे गेलेलं, आणि गेलं होतं तिथे लालसर चट्टे. जणू गोवर उठला होता! उरलेला मुलामा कसा काढायचा आणि हे लाल काय निघालं, हे विचारायला त्याने बुधवारी सकाळी ल्यूट बॅस्कमला फोन लावला.

आता इथे टेलिफोनचं सांगितलं पाहिजे. त्यांच्या आळीत तीन घरांत मिळून एकच तार होती. एकजण बोलत असला की दुसऱ्याने फोन उचलून ऐकायचं नाही, असा सभ्यतेचा नियम. पलीकडच्या घरातल्या युनिस हॅगर्टीबाई हा नियम श्वास रोखून पाळायच्या. म्हणजे फोन उचलायचा, पण आपला श्वास पलीकडे ऐकू जाऊ द्यायचा नाही! अमोस विचिटाला गेले त्या दिवशी बाई नेमक्या दातांच्या डॉक्टरकडे बाहेरगावी गेल्या होत्या, नाहीतर त्यांच्या नकळत गावातून बस सुटणं शक्यच नव्हतं. त्यामुळे म्हातारा दहा दिवस दिसला नाही, हे त्यांच्या मनात टोचतच होतं. त्यांनी फोन उचलला तेव्हा व्हर्जिल म्हणत होता,

"…सासऱ्याचं प्रकरण आहे ल्यूट, कुणाला कळता कामा नये."

"मूठ काढलीस का?" ल्यूटने विचारलं.

"काढली. सोमवारीच काढली. व्यवस्थित निघाली."

"आणि सांगाडा?"

"बाथटबात आहे. ओपलला सांगून टाकलंय, शनिवारपर्यंत आंघोळ विसर."

"नळी?"

"नळी काही सुटत नाही बाबा! पिळून पिळून हात दुखले माझे!"

"ओढाताण करू नकोस. राहू दे तशीच. कातडी सोलून झाली का सगळी?"

"पोटाकडची निघाली. पाठीकडची चिवट आहे. आणि आतून कसं लालभडक दिसतंय रे! मी तर घाबरलोच!"

"लाल दिसणारच, त्यात काय घाबरायचं? राहिलेलं सगळं सोलून काढ. घोडा ठीक आहे ना?"

"घोडा एकदम तयार! शेडमध्ये ठेवलाय."

"मग झालं. म्हातारा शनिवारी… बरं बरं. शनिवारच्या आत उरकून टाक."

'टक्' असा हळूच आवाज झाला. व्हर्जिलला वाटलं, तारेवर चिमणी बसली.

युनिसबाई खुर्चीत बसल्या. मग उठल्या. मग घराची सगळी दारं लावून पुन्हा बसल्या. आधी त्यांनी स्वतःलाच समजावलं, की व्हर्जिल टटल तर मुंगीच्या वाटेतून पाय बाजूला घेणारा माणूस. पण पंचवीस वर्षं खुर्ची धरून धरून माणसाचं डोकं कधी फिरेल काय सांगावं? गुरुवारी दिवसभर त्या दुर्बीण लावून पडद्याआड उभ्या होत्या. व्हर्जिल रबरी हातमोजे घालून बाथरूममध्ये जात होता, शीळ घालत बाहेर येत होता. शीळ घालत होता, मेला!

शुक्रवारी सकाळपर्यंत जुनं निकेल साफ निघालं. खालचा लाल थर तांब्याचा होता हे व्हर्जिलच्या ध्यानात आलं, आणि तो घासून घासून त्याने असा काही चमकवला की बाथरूममध्ये संध्याकाळ झाल्यासारखा गुलाबी उजेड पडला. आता राहिलं होतं फक्त नवीन निकेल चढवणं. पुस्तिका त्याने अखेर उघडली. 'द्रावण काचेच्या रुंद भांड्यात करावे.' घरात काचेचं रुंद भांडं एकच होतं, रविवारच्या समारंभासाठी चर्चमधून आणून ठेवलेलं सरबताचं. व्हर्जिलने ते मागच्या ओसरीवर सावलीत मांडलं आणि त्यात द्रावण कालवलं. इतका सुंदर, गर्द हिरवा रंग आला की तो स्वतःच दोन मिनिटं बघत राहिला. मग तारा आणायला तो बाथरूममध्ये गेला.

त्याच सकाळी चर्चच्या बायकांची समिती रविवारच्या लिंबाच्या हिरव्या सरबताची चव बघायला यायची होती. ओपलने सरबत एका जगमध्ये करून फ्रिजमध्ये ठेवलं होतं. बायकांना तिने फोनवर सांगितलं होतं, "मागच्या ओसरीवर या." त्या मागच्या ओसरीवर आल्या. पुढे पाद्रीबाई फर्न, मागे आणखी दोघी, आणि सगळ्यांत शेवटी, समितीत नसूनही, युनिस हॅगर्टी.

"अगंबाई! काय सुरेख रंग आलाय!" फर्नबाई म्हणाल्या, आणि त्यांनी डाव भरून पेल्यात ओतला.

व्हर्जिलने बाथरूमच्या खिडकीतून हे पाहिलं.

"नका! नका पिऊ! विष! विष आहे त्यात!"

रबरी हातमोजे, ओपलचा फुलाफुलांचा एप्रन आणि डोळ्यांना झाळकामाचा काळा चष्मा, अशा अवतारात तो ओसरीवर झेपावला. फर्नबाईंनी किंचाळून पेला टाकला. दुसरीने धक्का दिला की तिसरीने, ते अजून ठरलेलं नाही, पण भांडं टेबलावरून घसरलं. फर्नबाईंनी मोठ्या प्रसंगावधानाने चर्चचं भांडं तेवढं अधांतरी झेललं, आणि आतलं सगळं द्रावण, थेंबन् थेंब, ओपलच्या हायड्रेंजियाच्या झुडपावर ओतलं गेलं.

"माझं निकेल!" व्हर्जिल कळवळला.

"माझी हायड्रेंजिया!" दारातून ओपल कळवळली.

युनिसबाईंनी मात्र संधी साधली. गोड आवाजात त्यांनी विचारलं, "काय रे व्हर्जिल, अमोस बरेच दिवस दिसले नाहीत?"

व्हर्जिलला वाटलं, गंमत फुटते की काय! त्याने घाईघाईने हातमोजे पाठीमागे लपवले.

"पपांची काळजी करू नका तुम्ही! रविवारी मिरवणुकीत सगळ्या गावाला दिसतील. असे चकाकत येतील, असे चकाकत येतील, की ओळखू येणार नाहीत!"

युनिसबाई मागच्या पावली घरी गेल्या आणि त्यांनी शेरीफला फोन लावला.

"किम्सीसाहेब! व्हर्जिल टटलने सासऱ्याचा खून केला! मूठ कापली, कातडं सोललं, सांगाडा बाथटबात आहे! आत्ता पाद्रीबाईंवर विषप्रयोग झाला! आणि पळून जायला शेडमध्ये घोडा तयार ठेवलाय!"

पलीकडे शेरीफने पेन्सिल खाली ठेवली.

"घोडा?"

"हो, घोडा!"

"पण बाई, त्याच्याकडे पिकअप ट्रक आहे."

"पेट्रोलचे भाव बघितलेत का तुम्ही?"

हे मात्र शेरीफला पटलं.

किम्सी हा भला माणूस. दर मंगळवारी तो अमोसशी सोंगट्या खेळायचा आणि दर मंगळवारी हरायचा. तो व्हर्जिलच्या दारात आला तेव्हा त्याच्या मागे फाटकापाशी पंधरा-वीस माणसं जमली होती, कारण युनिसबाईंनी शेरीफनंतर आणखी काही फोन केले होते. एकच तार असली म्हणून काय झालं!

"व्हर्जिल," शेरीफने घसा खाकरला, "अमोस कुठे आहेत? दोन मंगळवार सोंगट्या तशाच पडल्यात."

"विचिटाला. धाकट्या मुलीकडे."

"फोन लावून बघू?"

फोन लावला. बारा वेळा घंटी वाजली, कुणी उचलला नाही. व्हर्जिल गोंधळून हसला. ते हसणं शेरीफला अजिबात आवडलं नाही.

"बाथरूममध्ये काय आहे?"

"कुठे काय? काहीच नाही!"

"मग बघतो."

"नका ना बघू!" व्हर्जिल दाराला पाठ लावून उभा राहिला. किम्सीला कळलं म्हणजे अमोसला कळलं, या माणसाच्या पोटात पाणीसुद्धा राहत नाही, एवढंच त्याच्या डोक्यात. "अजून पूर्ण झालेलं नाही! उद्या या. उद्या सगळं नीट जोडून दाखवतो!"

शेरीफने टोपी काढून कपाळ पुसलं. तीस वर्षांच्या नोकरीत त्याने जास्तीत जास्त दोन गाई चोरीला गेलेल्या पाहिल्या होत्या.

"व्हर्जिल, माझ्याकडे बघ. शांतपणे सांग. मूठ कुठे आहे?"

व्हर्जिलचा चेहरा पडला. "तुम्हाला… तुम्हाला कळलं? ल्यूट बोलला ना? मूठ वरच्या मजल्यावर, ओपलच्या मोज्यांच्या खणात आहे. मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलीय, ओरखडा नको पडायला."

"माझ्या मोज्यांच्या खणात?" ओपल किंचाळली. "तेलकट?"

फाटकापाशी कुणालातरी भोवळ आली.

आणि याच वेळी कोपऱ्यावर विचिटाची बस थांबली. अमोस प्रुइट एक दिवस आधीच निघाले होते. मुलगी त्यांना बसवर सोडून तशीच कामाला गेली होती, म्हणून तिथे फोन उचलायला कुणी नव्हतं. हातात बॅग घेऊन म्हातारबुवा आपल्या घराजवळ आले, तर फाटकापाशी गर्दी! बायका रुमालाने डोळे पुसताहेत, शेरीफची गाडी उभी. त्यांनी समोरच्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून हळू आवाजात विचारलं,

"कोण गेलं?"

"अमोस प्रुइट," तो माणूस मागे न बघता म्हणाला.

"अरेरे!" अमोसने टोपी काढली, छातीशी धरली, मान खाली घातली. मग मान वर आली. "कोण?"

त्या माणसाने वळून पाहिलं आणि तो सरळ कुंपणावरून उडी मारून पळाला. गर्दी दुभंगली. युनिसबाईंनी "भूत!" म्हणून आरोळी ठोकली ती गव्हाच्या कोठारापर्यंत ऐकू गेली. अमोस त्या वाटेने ताठ चालत ओसरीवर आले.

"किम्सी, माझ्या घरात काय चाललंय?"

"तुमच्या खुनाचा तपास," शेरीफच्या तोंडून निघून गेलं.

"मग लागला का काही पत्ता?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. व्हर्जिल दारापासून बाजूला झाला. शेरीफने दार ढकललं. बाथटबात जुनी चादर अंथरलेली, तिच्यावर रिव्हॉल्व्हरचा सांगाडा आणि न सुटलेली नळी, शेजारी बादलीत बाकीचे तुकडे, द्राक्षाच्या जेलीच्या बाटलीत स्क्रू. शेरीफने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, आणि तो बाथटबाच्या काठावर बसून हसायला लागला तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. अमोस हसले नाहीत. ते वाकले, सांगाडा उचलला आणि खिडकीपाशी घेऊन गेले.

फाटकापाशी कुणीतरी शिंकलं.

"हे माझ्या बापाचं," अमोस म्हणाले.

"हो पपा."

"याचं निकेल कुठे गेलं?"

"जुनं मी काढलं. नवीन…" व्हर्जिलने खिडकीबाहेर बोट दाखवलं, "नवीन हायड्रेंजियावर आहे. दुसरं मागवलं तर यायला तीन आठवडे. मिरवणूक परवा आहे. पपा, मी… मला वाटलं होतं की तुम्ही याल, बघाल, आणि एकदा तरी… जाऊ दे. चुकलं माझं. तुमच्याकडे वडिलांची एवढी एकच वस्तू होती, आणि मी ती नासवली."

आता त्याला हसू फुटत नव्हतं. पंचवीस वर्षांत झोपाळ्याचं एवढं वाईट वाटलं नव्हतं त्याला. ओपलला राग यायचा होता, पण तिने नवऱ्याचे ते हिरवे-काळे हात पाहिले, बोटांवरची सालं गेलेली पाहिली, आणि स्वतःचा चांगला टॉवेल काढून त्याच्यापुढे धरला.

अमोसने सांगाडा उन्हात फिरवला. तांबं असं उजळलं की म्हाताऱ्याच्या पांढऱ्या दाढीवर तांबूस कवडसा नाचायला लागला.

"सत्त्याऐंशी वर्षं हे बघतोय," ते हळूच म्हणाले. "आत काय आहे ते आज कळलं."

त्यांनी सांगाडा व्हर्जिलपुढे धरला.

"जोडता येतं का तुला?"

"सोडताना मी पुस्तिका वाचली नव्हती, पपा."

"वाटलंच! मला येतं. बापाने शिकवलंय. पण माझे हात आता थरथरतात." अमोसने कोट काढून खुंटीला लावला. "ये इकडे. बस माझ्यासमोर. आणि हे धर."

व्हर्जिल सवयीने खुर्ची धरायला गेला.

"खुर्ची नाही रे गाढवा! पेचकस धर!"

शुक्रवारची उरलेली दुपार आणि शनिवारचा अख्खा दिवस सासरा-जावई स्वयंपाकघराच्या टेबलावर बसून होते. "तिथे नाही, इथे!", "पपा, तुमची दाढी आड येतेय!", "आवळ! अरे, आवळ म्हणजे मोड नव्हे!", असा नुसता कल्लोळ! ओपल जेवण वाढायची आणि दोघंही ताटाकडे न बघता खायचे. शनिवारी पाच वाजता रिव्हॉल्व्हर पूर्ण जोडून झालं. टेबलावर एक बारीकसा स्क्रू उरला होता. अमोसने व्हर्जिलकडे पाहिलं, व्हर्जिलने अमोसकडे. अमोसने स्क्रू उचलून गुपचूप खिशात टाकला.

"ओपलला बोलायचं नाही," ते कुजबुजले.

रविवारी मिरवणूक निघाली. बँडवाले, ट्रॅक्टर, फिती बांधलेली कुत्री, आणि सगळ्यांच्या पुढे उघड्या मोटारीत अमोस प्रुइट! कॅन्ससच्या जुलैतलं ऊन ते! अमोसने हात वर केला, आणि रिव्हॉल्व्हर असं पेटलं, असं पेटलं, की रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी एकच 'ओहोहो' उठला.

"सोन्याचं!" लाउडस्पीकरवरचा निवेदक ओरडला. "बंधूंनो, सोन्याचं रिव्हॉल्व्हर! आजवर आपल्याला कुणी सांगितलंच नव्हतं! अमोस, कुणी केलं हे?"

अमोसने खुलासा वगैरे काही केला नाही. अंगठा खांद्यावरून मागे केला आणि खणखणीत आवाजात सांगितलं, "जावयानं!"

मोटारीमागून चालणाऱ्या व्हर्जिलने ते ऐकलं, आणि तो आनंदाच्या भरात सरळ बँडच्या मोठ्या कर्ण्यात जाऊन धडकला. कपाळावर टेंगूळ आलं. ते त्याने आठवडाभर पदकासारखं मिरवलं.

पण मंडळी, मोठेपणाची किंमत दुसऱ्याच दिवशी कळते. सोमवारी सकाळी ओपलने दार उघडलं तर ओसरीवर रांग! कुणी बुटांना लावायच्या घोडेस्वारीच्या आऱ्या आणल्या होत्या, कुणी आजीचा चहाचा संच, बँडवाल्याने पोचा आलेला कर्णा, फर्नबाईंनी चर्चच्या मेणबत्त्यांची घरं. युनिस हॅगर्टीसुद्धा नवऱ्याच्या आठवणीचं पट्ट्याचं बक्कल घेऊन, जसं काही झालंच नाही अशा चेहऱ्याने उभ्या होत्या. सगळ्यांना तस्साच सोनेरी रंग हवा होता!

"सांग ना त्यांना," ओपल नवऱ्याच्या कानात म्हणाली, "खरं काय ते सांग. तू काही चढवलंच नाहीस! फक्त खरवडलंस! चहाच्या संचाखाली तांबं असणार आहे का?"

व्हर्जिलने तोंड उघडलं. नाही म्हणायचं, असं त्याने अगदी मनापासून ठरवलं होतं. पण रांगेतले सगळे त्याच्याकडे असे बघत होते, असे बघत होते…

"ठेवा की इथे टेबलावर," तो म्हणाला. "नावाची चिठ्ठी तेवढी लावा प्रत्येकाने."

ओपलने कपाळावर हात मारला. ती वर गेली, बॅग भरून खाली आली आणि वडिलांची टोपी त्यांच्यापुढे धरली.

"पपा, चला. दुपारची बस आहे. हा प्रकार संपेपर्यंत आपण विचिटाला राहू."

अमोसने टोपी घेतली, पुन्हा खुंटीला अडकवली आणि ओसरीवरची सगळ्यांत चांगली खुर्ची ओढून रांगेसमोर ठाण मांडलं.

"तू जा, पोरी. मी नाही येत. अख्ख्या आयुष्यात या गावात माझ्या बाबतीत एकच सनसनाटी गोष्ट घडली. माझा खून झाला! आणि मी मेलो तेव्हा विचिटात बसून कस्टर्ड खात होतो!"